लाकडाच्या भट्टीतली ग्रीक बिफ्तेकी आणि बटाटे

ग्रीसमध्ये रविवारच्या दुपारी घराघरात होणारा हा पदार्थ. खिम्याच्या जाड, लांबट चपट्या वड्या म्हणजे बिफ्तेकी, आणि त्यांच्याखाली लिंबू, ऑलिव्ह तेल आणि ओरेगानोत शिजलेले बटाटे. सगळं एकाच मोठ्या ट्रेमध्ये, एकाच भट्टीत. आज तिकडेही बहुतेक घरांत विजेचा ओव्हन असतो, पण गावाकडे अंगणातली घुमटाची भट्टी, म्हणजे 'क्सिलोफूर्नोस', अजून पेटते. घरोघरी ओव्हन येण्याआधी बायका आपापला ट्रे सजवून गल्लीतल्या पाववाल्याकडे पोचवत. सकाळचा पाव निघाला की उरलेल्या उष्णतेवर पाववाला चार पैसे घेऊन सगळ्या आळीचं जेवण भाजून देई. या पद्धतीचं मर्म त्या जुन्या व्यवस्थेतच आहे: आग आपलं काम आधी करून मोकळी होते, आणि अन्न शिजतं ते तापलेल्या विटांवर, हळूहळू उतरत जाणाऱ्या आचेवर.

दुसरी गोष्ट आधीच सांगून ठेवतो. खिमा तीस-पस्तीस मिनिटांत होतो, बटाट्याला सव्वा तास लागतो. त्यामुळे घड्याळ बटाट्याच्या हिशेबाने लावायचं. दोन्ही एकदम आत ढकलले की एक तर बटाटा कच्चा राहतो नाही तर बिफ्तेकी चामड्यासारखी होते.

भट्टी आणि लाकूड

विटांची किंवा मातीची, घुमटाकार, जाड भिंतींची भट्टी असेल तर उत्तम. तोंडाची उंची घुमटाच्या आतल्या उंचीच्या साधारण ६३ टक्के असावी असा बांधणाऱ्यांचा ठोकताळा आहे. तोंड यापेक्षा उंच ठेवलं की उष्णता बाहेर पळते, फार बुटकं ठेवलं की धूर कोंडतो. गोव्यात पोदेरांच्या, म्हणजे पाववाल्यांच्या, जुन्या भट्ट्या ज्यांनी आतून पाहिल्या आहेत, त्यांना ही रचना वेगळी समजावून सांगायला नको. हल्ली मिळणाऱ्या पातळ पत्र्याच्या पिझ्झा-भट्टीतही हा पदार्थ होतो, पण ती लवकर थंड होते. तिच्यासाठी काय करायचं ते पुढे येईल.

भट्टी नवीन असेल तर पहिल्याच दिवशी जाळ करू नका. विटांत आणि मातीत पाणी मुरलेलं असतं. ते एकदम तापून वाफ झालं की तडे जातात. आठवडाभर रोज छोटी आग करून, दरवेळी थोडी वाढवत नेऊन भट्टी वाळवावी लागते.

ग्रीसमध्ये ऑलिव्हची छाटलेली फांदी, ओक आणि द्राक्षवेलीच्या काड्या वापरतात. काड्या भसकन पेटतात आणि पटकन आच देतात. ऑलिव्ह आणि ओक सावकाश, निखारा धरून जळतात. आपल्याकडे बाभूळ पहिल्या पसंतीची. चिंच, बोर, पेरूही चांगले. नाशिक-सांगलीकडे द्राक्षाच्या छाटणीच्या काड्या ढिगाने मिळतात, पण त्या बागांवर फवारण्या होतात, म्हणून त्या अन्नाच्या भट्टीत नकोत. परसातल्या, न फवारलेल्या वेलीच्या असतील तर जरूर घ्या. कण्हेरीचं लाकूड चुकूनही वापरू नका, ते विषारी असतं. प्लायवूड, रंग दिलेली फळी, मालाच्या खोक्यांच्या पट्ट्याही बाजूला ठेवा.

लाकूड कोरडं हवं. दोन ओंडके एकमेकांवर आपटले की खणखणीत आवाज आला पाहिजे, आणि टोकाला चिरा पडलेल्या दिसल्या पाहिजेत. 'ठप्प' आवाज येतो ते लाकूड ओलं. ते धूरच जास्त करतं, कारण आगीची बरीच ताकद पाणी उडवण्यात जाते. मनगटाएवढ्या जाडीचे, हातभर लांबीचे तुकडे मध्यम भट्टीला पुरतात. एका वेळच्या स्वयंपाकाला दहा-बारा किलो धरून चला.

साहित्य, सहा जणांसाठी

बिफ्तेकीसाठी: खिमा १ किलो, कड काढलेला शिळा पाव १५० ग्रॅम, मध्यम कांदे २, लसूण २ पाकळ्या, अंडं १, बारीक चिरलेली पार्सली एक मूठ, पुदिन्याची दहा-बारा पानं, सुकं ओरेगानो १ टेबलस्पून, ऑलिव्ह तेल ५० मिली, व्हिनेगर १ टेबलस्पून, चिमूटभर खाण्याचा सोडा, मीठ १५ ग्रॅम, ताजी भरडलेली मिरी.

बटाट्यासाठी: बटाटे पावणेदोन किलो, ऑलिव्ह तेल १५० मिली, लिंबाचा रस ८० मिली, लसूण ६ पाकळ्या, ओरेगानो १ टेबलस्पून, मोहरीची पेस्ट (बाटलीतलं मस्टर्ड) १ टेबलस्पून, गरम पाणी किंवा हाडांचं सूप ३५० मिली, मीठ अंदाजे १८ ग्रॅम, मिरी.

तेलाचं प्रमाण पाहून डोळे विस्फारतील, पण ते कमी करू नका. ते तेल, लिंबाचा रस आणि खिम्यातून गळणारा रस मिळून ट्रेच्या तळाशी जो दाट रस्सा होतो, त्यासाठीच तर पाव सोबत लागतो.

खिमा

ग्रीसमध्ये निव्वळ गाईचा किंवा गाय आणि डुक्कर निम्मे-निम्मे असा खिमा घेतात. परदेशात राहणाऱ्या वाचकांना तो सहज मिळेल, गोव्यातही मिळेल. महाराष्ट्रात आपण बोकडाचा घेऊ. ग्रीसच्या डोंगराळ भागांत शेळ्या-मेंढ्या भरपूर, तेव्हा बोकडाच्या खिम्याने पदार्थ परका होत नाही. फक्त खाटकाला नीट सांगा: निव्वळ रानाचा, म्हणजे मांडीचा, खिमा नको, तो कोरडा होतो. खांदा आणि सीना मिळून, शंभरात वीस भाग चरबी राहील असा, जाड जाळीतून एकदाच काढून घ्या. दोनदा काढलेला खिमा लगदा होतो आणि वडी घट्ट बसते. बोकडाची चरबी लवकर थिजते, म्हणून या बिफ्तेक्या गरमच खायच्या. कोंबडीचा करायचा तर तंगडीचं मांस घ्या आणि तेल थोडं वाढवा.

पाव पाण्यात भिजवून घट्ट पिळा. काही जण पाण्याऐवजी दूध किंवा वाइन घेतात. हा पाव खिमा वाढवण्यासाठी घातलेला नाही. मांस तापलं की आकसतं आणि रस बाहेर टाकतं. तो रस पाव धरून ठेवतो. पाव कमी घातला तर बिफ्तेकी कडक होणारच.

कांदा किसा आणि मुठीत धरून पाणी पिळून टाका. कांद्याचं पाणी खिम्यात गेलं तर वड्या ट्रेमध्ये पसरतात. सोडा व्हिनेगरमध्ये विरघळवून, फेस आला की लगेच खिम्यात घाला. ग्रीक घरांत ही जुनी रीत आहे, वडी हलकी होते. मग बाकी सगळं घालून मळायला घ्या.

इथे बर्गरची सवय विसरायची. बर्गरचा खिमा हाताळू नये म्हणतात, बिफ्तेकीचा पाच-सात मिनिटं नेटाने मळायचा. मिठामुळे मांसातली प्रथिनं सुटतात आणि मळल्यावर चिकट होतात. खिमा बोटांना धरू लागला, भांड्याच्या कडा सोडू लागला आणि रंगाने किंचित फिका झाला की थांबा. हात गरम वाटला तर गार पाण्यात बुडवून परत मळा, कारण चरबी हाताच्या उबेने वितळली की सगळी मेहनत वाया जाते. आता झाकून फ्रिजमध्ये किमान एक तास. घाई असली तरी ही पायरी गाळू नका. थंड, मुरलेल्या खिम्याची वडी आकार धरते. मीठ पाहायला सुपारीएवढा गोळा तव्यावर भाजून चाखा.

मसाल्याबद्दल एक आग्रह. धने-जिरे, गरम मसाला, हिरवी मिरची यांतलं काही नको. पार्सलीच्या जागी कोथिंबीर घातली की आपला कबाब तयार होतो. तो चांगलाच लागेल, पण हा पदार्थ राहणार नाही. जिरं घातलेला एक ग्रीक प्रकार आहे, सुत्झुकाकिया. १९२३ च्या ग्रीस-तुर्कस्तान लोकसंख्या अदलाबदलीच्या सुमारास आशिया मायनरहून, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातून, आलेल्या निर्वासितांनी तो ग्रीसमध्ये रुजवला. तो टोमॅटोच्या रश्शात शिजतो, त्याची वाट वेगळी. पार्सली अजिबात मिळाली नाही तर पुदिना थोडा वाढवा. ओरेगानो पिझ्झाबरोबर येणाऱ्या पुडीतलं नको, बाटलीतलं ताज्या वासाचं घ्या आणि तळहातावर चोळून घाला. चोळल्यावर हाताला तीव्र, किंचित ओव्यासारखा वास आला पाहिजे. वास आला नाही तर ते ओरेगानो मेलेलं आहे.

बटाटे

बटाटा ग्रीसमध्ये रुजला तो १८२८ नंतर, स्वतंत्र ग्रीसचे पहिले शासक इओआनिस कापोदिस्त्रिआस यांच्या काळात. लोक हात लावेनात, तेव्हा त्यांनी बटाट्याच्या ढिगावर पहारा बसवला, आणि पहारा आहे म्हणजे माल मोलाचा असणार असं समजून लोकांनी ते चोरून नेले, अशी गोष्ट तिकडे सांगतात. आज नाक्सोस बेटाच्या बटाट्याला युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकन आहे.

आपल्या बाजारात जुना, जाड सालीचा, पिवळसर गराचा बटाटा निवडा. नवा, पातळ सालीचा बटाटा पिठूळ होत नाही आणि रस पीत नाही. शीतगृहातून नुकताच आलेला बटाटाही टाळा. थंडीत त्यातल्या पिठाची साखर होते, आणि असा बटाटा आतून शिजायच्या आधी बाहेरून काळपट होतो. चव गोडसर लागली तर ओळखा. असे बटाटे घरात आणून आठवडाभर नुसते उघड्यावर, अंधारात ठेवले तर बरेच सुधारतात.

सोलून लांबट फोडी करा, एका बटाट्याच्या सहा ते आठ. फोडीची जाड बाजू अडीच-तीन सेंटिमीटर असावी. पातळ काप करू नका, त्यांचा चुरा होतो. ट्रेमध्येच फोडींना तेल, मीठ, मिरी, ओरेगानो, ठेचलेला लसूण आणि मस्टर्ड हाताने चोळा.

लिंबाचं मात्र जपून. आंबट पाण्यात बटाटा लवकर मऊ होत नाही. आम्लामुळे त्याच्या पेशींना जोडून ठेवणारं पेक्टिन टिकून राहतं. सगळा रस आधीच ओतला तर दीड तासानेही फोड मधोमध करकरीत लागू शकते. म्हणून सुरुवातीला निम्मा रस, आणि बटाटा मऊ झाल्यावर, बिफ्तेक्या ठेवायच्या वेळी उरलेला. आपली कागदी लिंबं ग्रीसच्या लिंबांपेक्षा जास्त आंबट असतात, तेव्हा ८० मिलीच्या वर जाऊ नका.

ट्रे धातूचा, जाड बुडाचा, ४० ते ४५ सेंटिमीटर व्यासाचा आणि पाच सेंटिमीटर खोल. फोडी एका थरात बसल्या पाहिजेत. एकावर एक रचल्या तर त्या उकडतात, भाजत नाहीत. काचेचं भांडं या भट्टीत नकोच.

आग

दोन वाजता जेवायचं असेल तर दहाला पेटवा. भट्टीच्या मधोमध काटक्यांची चौकट रचून, मोकळी हवा ठेवून पेटवा आणि मग दोन-दोन लाकडं घालत जा. पहिल्या अर्ध्या तासात घुमट आतून काजळीने काळाकुट्ट होतो. घाबरू नका, तसंच व्हायला हवं. तासाभराने माथ्यावर काळ्यात एक फिकट डाग दिसू लागतो, तो वाढत वाढत कडांकडे उतरतो. विटा साधारण ३५० अंश सेल्सिअसच्या पुढे तापल्या की काजळी जळून जाते आणि मूळ रंग परत दिसतो. याला ग्रीक लोक भट्टी 'पांढरी झाली' म्हणतात. थर्मामीटर नव्हते तेव्हा हीच खूण होती, आणि आजही तिच्याइतकी भरवशाची खूण नाही. माथा पांढरा आणि बाजू काळ्या असतील तर अजून वेळ आहे. तळापर्यंत सगळं उजळलं पाहिजे.

भट्टी पांढरी झाल्यावर नवं लाकूड घालू नका. निखारे फरशीभर पसरा आणि दहा-पंधरा मिनिटं राहू द्या, म्हणजे फरशीही घुमटाइतकी तापेल. मग लोखंडी ओढणीने निखारे बाहेर काढून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका. मूठभर निखारे एका कडेला ठेवले तरी चालतात. काठीला गुंडाळलेलं ओलं, घट्ट पिळलेलं फडकं फरशीवरून एकदा झपकन फिरवा आणि राख काढा. फडक्यातून पाणी ठिबकता कामा नये. तापलेल्या विटेवर पाणी ओतलं तर ती तडकते.

आता तोंडाला झाकण लावून वीस ते तीस मिनिटं भट्टीला एकटं सोडा. घुमटाचा माथा, कडा आणि फरशी यांच्या उष्णतेतला फरक या वेळात मिटतो. लोक नेमकी हीच पायरी उतावीळपणाने टाळतात, आणि मग एका बाजूच्या वड्या करपतात, दुसरीकडच्या पांढऱ्या राहतात.

आच पाहायला फरशीवर चिमूटभर पीठ टाका. ते दोन-चार सेकंदांत काळं झालं तर भट्टी फार गरम आहे, झाकण काढून थांबा. अर्ध्या मिनिटात सावकाश बदामी झालं तर योग्य. हातात इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर फरशी २४० अंशांच्या आसपास दाखवेल.

भट्टी उघड्यावरच हवी. बंद खोलीत किंवा झाकलेल्या गच्चीत निखारे ठेवून भट्टीचं तोंड बंद करू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

भाजणं

साडेबाराला गरम पाणी ट्रेच्या कडेने ओता, फोडींवरून नाही, म्हणजे चोळलेला मसाला धुऊन जाणार नाही. पाणी गारच घातलं तर पहिली पंधरा मिनिटं ते तापवण्यात जातात. वरून फॉइल घट्ट लावून ट्रे आत सरकवा, झाकण बंद करा, आणि चाळीस मिनिटं उघडू नका. दर वेळी तोंड उघडलं की साठवलेली आच बाहेर जाते, आणि विझलेल्या भट्टीत ती परत आणता येत नाही.

तोवर वड्या करून घ्या. हाताला तेल लावा. गोळा साधारण १२० ग्रॅमचा, बारा होतील. लांबट किंवा गोल, दोन-अडीच सेंटिमीटर जाड, आणि मधोमध अंगठ्याने हलका खळगा, कारण भाजताना मधला भाग फुगतो. वरून तेलाचा हात फिरवा.

सव्वाच्या सुमारास ट्रे बाहेर काढा. सुरीचं टोक फोडीत सहज गेलं पाहिजे. नाही गेलं तर फॉइल परत लावून आणखी दहा मिनिटं. वड्यांची घाई करू नका. बटाटे मऊ असतील तर फॉइल काढून टाका, फोडी एकदा उलटा, उरलेला लिंबाचा रस घाला आणि तळाशी बोटभर रस आहे का पाहा. ट्रे कोरडा दिसला तर अर्धा कप उकळतं पाणी. आता बिफ्तेक्या बटाट्यांवर, एकमेकींना न चिकटवता ठेवा. त्यांच्यातून गळणारी चरबी आणि रस थेट बटाट्यात मुरतो.

ट्रे परत आत. भट्टी आता २०० अंशांच्या आसपास उतरलेली असते आणि तेच हवं आहे. पंधरा मिनिटांनी ट्रे एकदा फिरवा, आतली बाजू बाहेर. वड्या उलटायची गरज नाही. खालून बटाट्याची वाफ लागते, वरून घुमटाची धग. तीस ते पस्तीस मिनिटांत वरचा भाग गडद तपकिरी होतो, कडेने रस बुडबुडतो आणि फोडींची टोकं सोनेरी, थोडी करकरीत दिसतात. खिम्याच्या आतलं तापमान ७१ अंश झालं पाहिजे, कोंबडीचं ७४. खिमा कच्चा ठेवण्यात काहीही शौर्य नाही: कापलेल्या मांसात जंतू फक्त बाहेरून असतात, दळलेल्यात ते आतपर्यंत पोचतात.

वर रंग आला नसेल तर कडेच्या निखाऱ्यांवर सालपटं किंवा दोन बारीक काटक्या टाका आणि झाकण अर्धं उघडं ठेवा. ज्वाळा घुमटाला चाटून तोंडाकडे येते आणि चार-पाच मिनिटांत वड्यांना रंग चढतो. तिथून हलू मात्र नका. पातळ भिंतींच्या भट्टीत हा बारीक जाळ पहिल्यापासूनच कडेला ठेवावा लागतो, झाकण फटीएवढं उघडं ठेवून, आणि ट्रे तीनदा तरी फिरवावा लागतो.

घरच्या विजेच्या ओव्हनमध्ये करणाऱ्यांनी २०० अंशांवर हेच वेळापत्रक पाळावं आणि शेवटची पाच मिनिटं वरची ग्रिल लावावी. धुराचा तो पुसट वास येणार नाही, बाकी पदार्थ तोच.

बाहेर काढल्यावर दहा मिनिटं तसंच राहू द्या. रस वड्यांत परत बसतो आणि तळाचा रस्सा दाट होतो. ट्रे सरळ टेबलावर न्या, सोबत फेटा चीज, काकडी-टोमॅटो-कांद्याचं सॅलड, लिंबाच्या फोडी आणि रस्सा टिपायला पाव. गोव्याचा पोई असेल तर दुसरा पाव शोधू नका.

उरलेली आच

ट्रे निघाल्यावर भट्टी अजून दीडशे अंशांच्या वर असते. ती फुकट जाऊ देऊ नका. सिफ्नोस बेटावर शनिवारी संध्याकाळी काबुली चण्यांनी भरलेली मातीची भांडी भट्टीत जातात आणि रविवारी चर्चहून परतल्यावर उघडतात. त्याला रेविथादा म्हणतात. आदल्या रात्री भिजवलेले अर्धा किलो चणे, उभे चिरलेले दोन मोठे कांदे, शंभर मिली ऑलिव्ह तेल, एक तमालपत्र, मीठ, आणि चणे बुडून दोन बोटं वर येईल इतकं उकळतं पाणी. झाकणाची फट कणकेने लिंपा. भांडं मातीचं असेल तर आधी कोमट करून घ्या, गार भांडं तापल्या फरशीवर फुटतं. कडेचे निखारे पुन्हा फुंकून, वर दोन जाड ओंडके जळू द्या, त्यांचा निखारा झाला की भांडं आत सरकवून भट्टीचं तोंड बंद करा. दुसऱ्या दिवशी सकाळी चणा बोटात दाबून पाहा. तो लोण्यासारखा मऊ असेल, आणि खाताना वरून फक्त लिंबू पिळायचं.